आवाज बारीक कर

जैतूनबी बागवान दुकानात आली
तेव्हा मी चार्जरच्या वायरी सोडवत बसले होते.
काउंटरवर तिनं ती निळी डबी ठेवली,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली,
आजारी कोंबडी आणावी तशी.
"हिचा आवाज बारीक कर," म्हणाली.

मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागच्या अंगाला
तिचं पोतं असतं: लिंबं, आलं, मिरच्या, कोथिंबीर.
दिवसभर डबी बोलते
बातम्या देणाऱ्या बाईच्या मराठीत:
दहा रुपये प्राप्त झाले.
पंधरा रुपये प्राप्त झाले.
प्राप्त हा शब्द त्या पोत्यावर
आधी कुणी उच्चारला नव्हता.

समोर चहाच्या टपरीवर तिचा दीर बसतो.
शाळेत त्याला बेरीज कधी जमली नाही.
आता संध्याकाळी रुपयासकट सांगतो:
भाभी, आज सहाशे पंच्याऐंशी.

तीस वर्षं तिची कमाई
कमरेच्या चंचीत मुकी होती.
नोटा ओलसर, मिरचीच्या वासाच्या;
घरी पोचेपर्यंत त्यांतल्या दोन-तीन
लिंबाच्या पोत्यात वाट चुकायच्या.
त्या चुकलेल्या नोटांवर
धाकटीची नर्सिंगची फी भरली,
गहाण पडलेली चमकी नाकात परत आली.

मी बटण दाबलं. आवाज पाचवरून एकवर.
पण मेसेज?
मेसेज तौफिकच्या फोनवर जातात.
खातं तिचं, नंबर पोराचा.
बँकेच्या माणसानं विचारलं होतं, मोबाईल आहे का,
आणि घरातल्या चौघांनी एकदम सांगितलं होतं, आहे.

"मग माझा नंबर काढ."

अंगठा घेईना.
लिंबाच्या रसानं, आल्याच्या मातीनं,
सुतळीच्या गाठींनी रेषा पुसून नेलेल्या.
पदराला पुसला, केसांच्या तेलावर घासला.
सहाव्यांदा मशीननं तिला ओळखलं.
"लई उशिरा ओळखतंय गं," म्हणाली.
बँकेत नंबर बदलायला आणखी अकरा दिवस गेले.

मग चार आकडे.
मी मान वळवली,
भिंतीवरच्या कव्हरांकडे बघत राहिले.
"बघ की. तू काय परकी आहेस?"
बघायचं नसतं, काकी. मीपण नाही, तौफिकपण नाही.
बराच वेळ काही हललं नाही.
तिला अक्षरं येत नाहीत. आकडे येतात,
उधारीचे, वजनाचे, पहाटेच्या सौद्यातले.
त्यांतले कुठले चार निवडले, मला ठाऊक नाही.
वळून पाहिलं तेव्हा
ओठ मिटून बसली होती,
तोंडात लवंग धरल्यासारखी.

तेव्हापासून दर गुरुवारी येते.
गेल्या महिन्यात तिचे नव्वद रुपये अडकले.
गिऱ्हाइकाचे गेले, हिला आले नाहीत.
"आता कुठायत?"
मधे आहेत, काकी.
"मधे म्हणजे? अंकलीच्या पुलावर?"
मला हसू आलं. तिला नाही आलं.
नव्वद रुपये म्हणजे कोथिंबिरीच्या नऊ जुड्या,
आणि चंचीतली नोट
मधे म्हणून कधी राहिली नव्हती.
मी तक्रार नोंदवली.
तक्रारीला लांबलचक नंबर मिळाला.
पैसे अजून पुलावरच आहेत.

काल मार्केटात गेले, दहाची जुडी घेतली,
फोन समोर धरला.
डबी कुठं दिसेना.
ओल्या गोणपाटाखालून, जुड्यांच्या ढिगातून
कुणीतरी पुटपुटल्यासारखं झालं.
टपरीवर दिरानं मान उंच केली.
जैतूनबी पाणी शिंपडायला म्हणून वाकली
आणि कान हिरव्याला लावला.

काय म्हणाली? मी विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली,
"सर्दी झालीय तिला."